मळणीनंतर उरलेले कडधान्य कोंबड्यांना देताना

मळणी आटोपली की खळ्यावर फुटका, बारीक, विक्रीला न लागणारा दाणा उरतो. तो थेट कोंबड्यांपुढे ओतू नये. आधी निवडावा. बुरशीचा, काळा पडलेला दाणा सरळ बाजूला काढावा. भाजला की चालेल, हा समज खोटा आहे. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष घरगुती भाजण्याने जात नाही.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारा घटक असतो. त्यामुळे प्रथिने पचत नाहीत, स्वादुपिंड मोठे होते आणि वाढ खुंटते. मोठी कोंबडी थोडेफार निभावून नेते, पिल्लांना ते झेपत नाही. सोयाबीन मध्यम आचेवर सतत हलवत भाजावे, तांबूस होऊन खमंग वास सुटला की उतरवावे. करपवले तर लायसिन या प्रथिनातल्या घटकाची नासाडी होते, आणि कडधान्य घालायचे ते मुख्यतः त्याच्यासाठीच. राजमा मात्र नुसता भाजून भागत नाही. रात्रभर भिजवून ते पाणी फेकावे, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा आणि कडक वाळवून मगच भरडावा. वाटाणा, हरभरा त्या मानाने सोपे. गडद सालीच्या दाण्यात टॅनिन हा तुरट घटक जास्त असतो, साल काढता आली तर बरे.

आता प्रमाण. सोयापेंडीत सुमारे 45 टक्के प्रथिने, मक्यात 9, तर वाटाणा-हरभऱ्यात 22च्या आसपास. म्हणून पेंड पूर्ण बंद करून निव्वळ कडधान्यावर भागवण्याच्या फंदात पडू नये. 10 किलो वाटाणा घातला तर साधारण साडेतीन किलो सोयापेंड आणि साडेसहा किलो मका कमी करता येतो, प्रथिने तेवढीच राहतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना 16 ते 17 टक्के प्रथिने पुरतात. सुरुवात क्विंटलमागे 10 किलोने करावी, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत 20 किलोवर थांबावे. लहान पिल्लांच्या खाद्यात हा प्रयोग नको.

कडधान्यात मेथिओनीन, म्हणजे प्रथिनातलाच आणखी एक घटक, कमी असते. ते वरून घातले नाही तर अंडी बारीक होतात, पिसेही नीट भरत नाहीत. क्विंटलला 100 ते 200 ग्रॅम लागते. इतकी थोडी वस्तू आधी किलोभर भरड्यात कालवून मग सगळ्या खाद्यात मिसळावी.

दाणा 12 टक्क्यांखाली ओलावा येईपर्यंत वाळवून साठवावा. भाजलेल्या सोयाबीनमध्ये तेल भरपूर, त्यामुळे भरडा लवकर खवट होतो. आठवड्यापुरताच दळावा.