फुकट बघायचंय ना? मग निदान या चुका तरी करू नका

दोन वर्षं झाली, आमच्याकडे एकही ओटीटी सबस्क्रिप्शन नाही. जे बघतो ते फुकट, पण सरळ मार्गाने. हे कळल्यापासून नात्यातले, ऑफिसातले, सोसायटीतले सगळे विचारायला येतात आणि दर वेळी त्याच चुका निस्तराव्या लागतात, म्हणून आता एकदाच लिहून ठेवते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे फुकट म्हणजे कुठूनही, असं समजणं. गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीला एका ग्रुपवर मेसेज आला, नवीन मराठी पिक्चर एचडीमध्ये फुकट, आणि खाली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायची फाइल. तिने ती उघडली. फोनने सांगितलं की हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे, तिने तरी परवानगी दिली. मग ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, पिक्चर सुरू होत नव्हता म्हणून तीही दिली. पिक्चर शेवटपर्यंत लागलाच नाही, नुसतं गोल फिरत राहिलं. रात्री साडेअकराला तिचा रडत फोन, खात्यातून ९,००० गेले आणि पाठोपाठ ९,५००. "अगं, मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही गं," हेच ती परत परत म्हणत होती, आणि ते खरंच होतं, तिला सांगायची गरजच पडली नव्हती, ॲपच मेसेज वाचून पुढे पाठवत होतं. मी तिला आधी फोन फ्लाइट मोडवर टाकायला लावला, मग काकांच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार, मग बँकेत फोन करून खातं ब्लॉक. दुसरी रक्कम वाटेत अडकली म्हणून दोन महिन्यांनी परत आली. पहिली गेली ती गेलीच.

तेव्हापासून माझा नियम एकच, प्ले स्टोअरच्या बाहेरचं काहीही फोनमध्ये घ्यायचं नाही. आणि स्टोअरमधलं असलं तरी पिक्चर दाखवणाऱ्या ॲपला तुमचे मेसेज कशाला वाचायचेत? असं विचारणारं ॲप मी त्याच क्षणी काढून टाकते. टेलिग्रामवरच्या लिंकांचंही तेच. ज्यांना पिक्चर थिएटरात लागल्याच्या दुसऱ्या दिवशी फुकट हवा असतो तेच यात सापडतात. तेवढी घाई असेल तर तिकीट काढा की, ज्यांनी वर्ष-दोन वर्षं राबून तो बनवलाय त्यांना पैसे मिळू देत.

दुसरी चूक, यूट्यूबवर 'फुल मूव्ही' लिहिलेलं पहिलंच जे दिसेल ते लावणं. चोरून टाकलेला पिक्चर यूट्यूबच्या यंत्रणेला ओळखू येऊ नये म्हणून ही मंडळी तो आरशासारखा उलटा करतात, चौकटीत छोटा करून बसवतात, आवाज जरा चढवतात. हिरोचं घड्याळ उजव्या हातात दिसलं की मी एसटीच्या पाटीवरची अक्षरं बघते, ती उलटी असली की बंद. दोन तास चिरके आवाज ऐकायचे आणि शेवटची वीस मिनिटं गायब, यात कसली बचत? मी आधी चॅनेलच्या नावावर जाते. निर्मात्याचं किंवा वाहिनीचं अधिकृत चॅनेल असेल तर बघते, नाहीतर नाही. मधे जाहिराती येतात, येऊ देत, त्याच आपलं तिकीट आहेत. जुन्या पिक्चरांचं वेगळं आहे, आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे १९३६ चा 'संत तुकाराम' बघताना कुणाचं काही चोरल्यासारखं होत नाही.

ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असं समजू नका. ऑफिसातली एक मैत्रीण सात महिने पैसे भरत होती, ॲप फोनमध्ये नसताना. महिनाभर फुकट म्हणून घेतलं होतं आणि ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी, चालूच राहिला. पैसे कापायच्या चोवीस तास आधी मेसेज येतो, पण तो वाचतं कोण! यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती आत्ता उघडा आणि नको ते रद्द करा. प्ले स्टोअरमधूनही सबस्क्रिप्शन असतात, तीही बघून घ्या.

मोबाइल डेटावर १०८० च्या क्वालिटीला बघू नका, ४८० वर तासाला साधारण अर्धा जीबी जातो आणि फोनच्या स्क्रीनला तेवढं पुरतं.

लहान पोरांच्या हातात मोठ्यांचं यूट्यूब देऊ नका, यूट्यूब किड्स वेगळं आहे.

आणि फुकटात बघण्यासारखं काही नसतं, हे मला कुणी सांगूच नका. मुंबई दूरदर्शन १९७२ पासून आहे, त्यातलं बरंच जुनं प्रसार भारतीने, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, यूट्यूबवर टाकलंय. त्यांचं वेव्हज ॲपही आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यातलंही बरंचसं फुकट आहे. भाडिपासारखी मराठी विनोदी व्हिडिओ करणारी मंडळी थेट यूट्यूबसाठीच बनवतात. पण शोधावं लागतं, आणि लोकांना नेमका त्याचाच कंटाळा. मी रविवारी सकाळी चहा घेताना अर्धा तास शोधते आणि सापडेल ते 'आईचं' नावाच्या प्लेलिस्टमध्ये टाकते. जुन्या मुलाखती, नाट्यगीतं, कीर्तन. संध्याकाळी दिवा लावून झाला की आई टीव्हीवर ती यादी उघडते, आणि काल तिने स्वतःच सांगितलं, "तिसरं नको गं, ते कुणीतरी उलटं टाकलंय, पेटी डाव्या हाताने वाजवतोय."