"बेस कमी आहे" असं लिहिण्याआधी खुर्चीतून उठा

नव्यानेच इलेक्ट्रॉनिक संगीत करू लागलेल्या कुणीतरी तुम्हाला ट्रॅक पाठवलाय आणि सोबत लिहिलंय, "स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही." वाईट वाटतंच. मी सहा वर्षं माझे ट्रॅक लोकांना पाठवतेय आणि अजूनही उत्तर उघडण्याआधी उठून पाणी पिऊन येते. किक, साइडचेन, ऑटोमेशन, मिक्स हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. ते माहीत असूनही माणूस किती चुकीचा अभिप्राय देऊ शकतो, याचा पुरावा माझ्याकडे आहे. तो आधी सांगून टाकते.

जवळपास वर्षभर मी येईल त्या ट्रॅकवर एकच शेरा मारत होते. किकला वजन नाही, खालचा बेस कमी पडतोय, आणि १०० हर्ट्झच्या आसपास मात्र नुसता गिचमिडा झालाय. हाऊस असो, टेक्नो असो, ड्रम अँड बेस असो, दहा जणांचे दहा ट्रॅक आणि सगळ्यांना आजार एकच. शंका तिथेच यायला हवी होती. मी मात्र खूश होते: नवोदितांची ही ठरलेली चूक दिसते, आणि आपले कान आता तयार झालेत!

त्या दहांत एक मुलगा होता. पूर्ण केलेला पहिलाच ट्रॅक. मी लिहिलं, "५० हर्ट्झला चार डेसिबल वाढव." त्याने वाढवलं. दुसरी आवृत्ती आली, माझं उत्तर, "अजून थोडं." तिसरी आली तेव्हा, "बेसही वर घे, आणि १०० ला जरा काप." पोरगं सांगेन ते करत गेलं. मग मित्रांच्या एका कार्यक्रमात त्याने तो ट्रॅक मोठ्या स्पीकरवर लावला. किक पडली की बाकी सगळं दबायचं, लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारं साधन) दर ठोक्याला लीडचा, म्हणजे मुख्य सुरावटीचा, गळा आवळायचा, आणि दीड मिनिटाच्या आत कुणीतरी गाणं बदललं. हे त्याने मला चार ओळींत कळवलं. तक्रार नाही, वर "माझंच काहीतरी चुकलं असेल." त्यानंतर चार महिने त्याचा एकही ट्रॅक आला नाही.

खरं कारण कळलं ते निव्वळ योगायोगाने. ट्रॅक चालू ठेवून मी चार्जर घ्यायला उठले, मागच्या भिंतीशी वाकले, आणि किक एकदम पोटात बसली. खुर्चीत परत आले, गायब. भिंतीशी गेले, हजर. त्या संध्याकाळी अशा किती फेऱ्या मारल्या देव जाणे. शेवटी मोजपट्टी आणली. खोलीची लांबी ३.४ मीटर. माझं डोकं समोरच्या भिंतीपासून १.७ मीटरवर, म्हणजे बरोब्बर मधोमध.

हे जरा पाल्हाळ लावून सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची अर्धी लाट नेमकी मावली की ती पुढेमागे परावर्तित होऊन तिथेच उभी राहते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने, म्हणजे ६.८ ने भागा. ५० हर्ट्झ. या उभ्या लाटेचा दाब भिंतींपाशी सगळ्यात जास्त असतो आणि मधोमध जवळपास शून्य. मी त्या शून्यात खुर्ची मांडून बसले होते. दुप्पट कंप्रतेला, १०० हर्ट्झला, हिशेब उलटा होतो, तिथे मधोमधच दाब जास्त. थोडक्यात, ५० ला खड्डा आणि १०० ला उंचवटा. आता माझा वरचा शेरा पुन्हा वाचा. शब्दन् शब्द तोच. वर्षभर मी लोकांच्या ट्रॅकच्या नावाखाली माझ्या खोलीचंच परीक्षण लिहीत होते.

इक्वलायझरने हा खड्डा भरेल असं वाटत असेल तर नाही भरत. स्पीकरमधून ५० हर्ट्झ जितकं जास्त सोडाल, तितकंच जास्त भिंतीवरून परत येऊन त्याला खोडतं. खुर्ची हलवणं हा पहिला इलाज. लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसावं असा एक ढोबळ नियम आहे, तो धरून मी समोरच्या भिंतीपासून १.३ मीटरवर आले. खोली काही स्टुडिओ झाली नाही, पण थापा मारायची कमी झाली.

तुम्ही हे आजच करा, कुणाला एक शब्द लिहिण्याआधी. सॉफ्टवेअरमध्ये साधा साइन सूर लावा, पातळी तीच ठेवून ३० पासून १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवा. कुठे नाहीसा होतो आणि कुठे अंगावर येतो, ते आकडे कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा. हेडफोनवरही करा. तिथे खोलीचा त्रास नाही, पण हेडफोनचे स्वतःचे लाड असतातच. आणि ऐकताना आवाज किती ठेवता तेही बघा. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं होतं की पातळी खाली गेली की कानाला खालचे सूर इतरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. रात्री घरातले झोपल्यावर बारीक आवाजात ऐकून कुणाला "बेस कमी आहे" लिहीत असाल, तर हात आवरा. सकाळी ऐका.

या प्रकरणानंतर मी हर्ट्झ-डेसिबलची औषधं लिहून देणं जवळपास सोडलं. आता लक्षण सांगते, आणि कशावर ऐकलं तेही सांगते. "छोट्या मॉनिटर स्पीकरवर, मध्यम आवाजात, दुसऱ्या मिनिटापासून किक आणि बेस मला वेगळे ऐकू येईनात." एवढं पुरतं. याच लक्षणाची कारणं चार असू शकतात: दोघांचा मूळ सूर एकमेकांवर बसलाय, साइडचेन उशिरा सुटतोय, किकची शेपूट लांब आहे, किंवा बेसचा पॅच, म्हणजे सिंथवरचा तयार आवाज, जरुरीपेक्षा जाड निवडलाय. कुठलं कारण खरं, ते प्रोजेक्ट ज्याच्यासमोर उघडा आहे त्याला पाच मिनिटांत कळतं. आपल्याकडे फक्त एक्स्पोर्ट केलेली फाइल असते, तिच्यावरून नाडी बघायला बसायचं कशाला? विचारलं तर जरूर सांगा. न विचारता नको.

पहिलं ऐकणं जपून वापरा, ते दुसऱ्यांदा मिळत नाही. ट्रॅक बनवणाऱ्याने तो दोनशे वेळा ऐकलेला असतो. त्याला काहीही केलं तरी परत न मिळणारी एकच गोष्ट तुमच्याकडे असते, कोरा कान. वेव्हफॉर्म झाकून ठेवा, थांबवू नका, मागे नेऊ नका. फक्त लक्ष कुठे उडालं, हात फोनकडे कधी गेला, मान कधी हलायला लागली, तेवढ्या वेळा टिपा. मी नुसते आकडे लिहिते, ०:४५, १:०२, १:१७. कारणं दुसऱ्या ऐकण्यात.

परवा एकीच्या १२४ बीपीएमच्या (मिनिटाला १२४ ठोके) ट्रॅकवर मी पॅडबद्दल, म्हणजे मागे पसरलेल्या लांब सुरांबद्दल, लिहिलं, "१:०२ ला पॅड आला आणि लीड हरवलं. मी ते शोधत होते. १:१७ ला क्लॅप थांबला तेव्हा परत सापडलं." तिचं उत्तर आलं, "३३ व्या बारला पॅड येतो आणि तिथेच लीडचा फिल्टर मिटतो आणि ते दबतं, ऑटोमेशन चुकून तिथवर ओढलं गेलं होतं!" मला फिल्टरचा पत्ताही नव्हता. मी "पॅड कमी कर" म्हटलं असतं तर तिने चांगला पॅड मारला असता आणि फिल्टर तसाच राहिला असता. चार ठोक्यांचा एक बार, तर १२४ च्या गतीला आठ बार म्हणजे साडेपंधरा सेकंद. एवढं डोक्यात असलं की तुमच्या घड्याळातल्या वेळा तिच्या बारांशी लगेच जुळतात.

ट्रॅक कुठल्या टप्प्यावर आहे आणि कशासाठी आहे, हे आधी विचारा. हा प्रश्न इतका साधा आहे की कुणीच विचारत नाही. आठ बारांचा लूप पाठवून "पुढे काय करू" म्हणणाऱ्याला मिक्सबद्दल ज्ञान देणं म्हणजे पाया खणायच्या आधी रंग निवडणं. ज्याला मास्टरिंगला पाठवायचंय त्याला "मधला भागच बदल" सांगणंही तितकंच निरुपयोगी. माझा क्रम ठरलेला आहे: आधी कल्पना आणि मांडणी, मग आवाजांची निवड, मग मिक्स, सर्वात शेवटी मास्टरिंग. वरचं बदललं की खालचं आपोआप बदलतं. बेसचा पॅचच उद्या जाणार असेल तर आज त्याच्या २५० हर्ट्झवर निबंध कशाला? आणि एका वेळी तीनच मुद्दे. मला एकदा सतरा मुद्द्यांचं उत्तर आलं होतं. सगळे बरोबर होते. तो ट्रॅक मी परत उघडला नाही.

तयार गाण्याशी तुलना करायची असेल तर दोन्हींची पातळी आधी सारखी करा. व्यावसायिक नृत्यसंगीत अनेकदा उणे ८ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक, शून्याजवळ तितकं मोठं) आसपास असतं आणि नवख्याचा कच्चा मिक्स उणे १८ ला. मोठं ऐकू येणारं कानाला चांगलंच वाटतं. याहून जास्त यावर सांगण्यासारखं काही नाही.

आवडीनिवडीचं काय? इथे मी अजूनही घसरते. रोलंड कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाचं यंत्र काढलं, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून. ते बेस गिटारसारखं वाजायचं नाही, खपलं नाही, १९८४ पर्यंत बंद पडलं. मग शिकागोतल्या पोरांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं, वाजत असताना त्याचे नॉब पिळले, आणि त्या चिरक्या, चिकट आवाजातून ॲसिड हाऊस उभं राहिलं. त्यातला पहिला ट्रॅक कुणी माझ्याकडे अभिप्रायासाठी पाठवला असता, तर मी नक्की लिहिलं असतं, "रेझोनन्स कमी कर, कानाला टोचतोय." म्हणून आता टोचणारं काही दिसलं की आधी विचारते, "हे मुद्दाम आहे का?" हो म्हणाला तर माझं टोचणं माझ्यापाशी. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास कलाकृतींवर प्रतिसाद देण्याची एक पद्धत बसवली. तिच्यात आधी काय भावलं ते बोलायचं, मग कलाकार प्रश्न विचारतो, मग आपण कुठलंही मत न लपवलेले प्रश्न विचारायचे, आणि मत अगदी शेवटी, तेही "सांगू का?" असं विचारून. मी ती शिस्तीने पाळत नाही. पण ते "सांगू का?" मात्र उचललंय.

दोन गोष्टींची मला चीड आहे, ती लपवत नाही. एक, कुठला सूर किती मोठा ते दाखवणाऱ्या ॲनालायझरचा स्क्रीनशॉट पाठवून "हा वक्र बघ, तुझा असा हवा" म्हणणारे. वक्र जुळवून देणारी प्लगइनं मिळतात, तर त्या माणसाची गरज काय? ऐकायची तसदीसुद्धा त्याने घेतलेली नसते. दुसरे, तुमची प्रोजेक्ट फाइल मागवून "नीट करून" परत पाठवणारे गुरुजी. माझाही एक होता. ट्रॅक छान झाला होता, फक्त तो माझा राहिला नव्हता आणि मी काहीही शिकले नव्हते. असं कुणी मागितलं तर देऊ नका. आणि तुम्ही स्वतः चुकूनही मागू नका, कितीही हात शिवशिवले तरी.

आधी गोड, मग कडू, मग परत गोड, हा जो अभिप्रायाचा ठरीव साचा आहे, तोही नवख्याला पहिल्या ओळीत ओळखू येतो. "मस्त वाइब आहे" हे वाचलं की तो खालचा "पण" शोधायला लागतो. स्तुती करायची तर बोट ठेवून करा. "ब्रेकडाउनमध्ये हाय-हॅट काढून नुसता डिले ठेवलास, तिथे मी श्वास रोखला." हे वाचून त्याला कळतं की काय जपायचं. नाहीतर तो पुढच्या आवृत्तीत तेच काढून टाकतो, मी हे होताना पाहिलंय.

तुम्हाला वाटेल, आपल्याला मिक्सिंग कुठे येतं, आपण काय सांगणार? बिनधास्त सांगा. लक्ष कुठे उडालं हे कळायला कॉम्प्रेसर वापरता यावा लागत नाही. माझ्या ट्रॅकवरचा सगळ्यात कामाचा अभिप्राय संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्या बहिणीने दिलाय: "हे मधे संपलं होतं ना? मग परत का सुरू झालं?" मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शेवटचे ३२ बार उडवले.

त्या मुलाला मी माझ्या खुर्चीची सगळी हकिकत लिहिली, मोजपट्टीच्या आकड्यांसकट, आणि माफी मागितली. उत्तर आलं नाही. मी ते सोडून दिलं होतं. मग ते चार महिने सरल्यावर एके दिवशी नवा ट्रॅक आला, खाली एकच ओळ: "ताई, मनमोकळं सांगा, फक्त बेसबद्दल काही बोलू नका." मी ऐकला. एकदा खुर्चीत, एकदा भिंतीशी उभी राहून. मग लीडबद्दल दोन ओळी लिहिल्या, ०:४८ आणि २:१० या वेळा टाकल्या, आणि पाठवून दिलं.