पिंजरा लवकर रिकामा व्हावा म्हणून: भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरला मदत कशी करायची

कराडात माझं मेडिकलचं दुकान आहे. गावाबाहेर भटक्या कुत्र्यांवर उपचार करणारं एक छोटं शेल्टर आहे, तिथल्या औषधांचं मी बघते. काय संपलंय, येत्या आठवड्यात काय लागेल, कुठल्या डिस्ट्रिब्युटरकडे स्वस्त पडेल, हे सगळं. ते माहीत असल्यामुळे ओळखीची माणसं काउंटरवर विचारतात, "ताई, आम्हालाही काहीतरी द्यायचंय, काय देऊ?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक लक्षात घ्या. शेल्टर हा दवाखाना आहे, धर्मशाळा नव्हे. पिंजरे मोजके असतात. पुणे-बेंगळुरू महामार्ग आमच्या गावाला लागूनच जातो, त्यामुळे गाडीने उडवलेली कुत्री सतत येत असतात. सगळे पिंजरे भरलेले असले की पुढच्या फोनला "जागा नाही" एवढंच उत्तर उरतं, आणि ते उत्तर देणाऱ्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला आहे. म्हणून कुठलीही मदत करताना स्वतःला एकच विचारा: यामुळे आत असलेलं एखादं जनावर लवकर बरं होऊन बाहेर पडेल का?

आधी फोन, मग पिशवी

लोक प्रेमाने बिस्किटांचे पुडे आणि दुधाच्या पिशव्या घेऊन येतात. त्यामागची माया खरी असते, पण जुलाब लागलेल्या पिल्लाला दूध दिलं की जुलाब वाढतात, आणि बिस्किटांनी अंगावर मांस चढत नाही. शेल्टरच्या मोठ्या पातेल्यात तांदळाची कणी, चिकनचे पाय-मुंड्या आणि थोडा भोपळा किंवा गाजर शिजतं. तेव्हा कणीचं एक पोतं किंवा चिकनवाल्याकडे महिन्याचे आगाऊ पैसे, हे पन्नास पुड्यांपेक्षा कामाचं. लग्नातलं, पूजेतलं उरलेलं जेवण नेऊ नका. त्यात कांदा, तेल, मसाला असतो, कधी शिऱ्यात बेदाणे असतात. कांदा आणि बेदाणे दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत.

कापडाचंही तसंच. कापसाच्या गाद्या, उशा नकोत. कुत्री फाडतात, कापूस गिळतात, आणि ओली झालेली गादी वाळत नाही. जुन्या सुती चादरी, टॉवेल आणि धुतलेले गोणपाट चालतात. घरातली रद्दी विकण्याआधी शेल्टरला विचारा, पिल्लांच्या पिंजऱ्यात रोज कागद बदलावे लागतात.

गॉज इतका का लागतो

मला विचाराल तर पावसाळ्याच्या तोंडावर द्यायची सर्वोत्तम वस्तू म्हणजे गॉजचे, म्हणजे जखमेत भरायच्या जाळीदार सुती कापडाचे थान. का, ते सांगते.

पावसाळ्यात माशी जखमेवर अंडी घालते आणि दिवसभरात त्यातून अळ्या निघतात. कानामागे खाजवून झालेली नखाएवढी जखम तीन-चार दिवसांत बोट आत जाईल इतकी खोल होते. असं कुत्रं टेबलावर घेतलं की आधी बँडेजच्या पट्टीने त्याचं तोंड बांधतात. एक जण डोकं धरतो, एक जण टॉर्च. जखमेत अळ्या मारायचा स्प्रे मारतात आणि काही मिनिटं थांबतात. मग अळ्या हवेसाठी वर येऊ लागतात आणि चिमट्याने एकेक काढून ट्रेमध्ये टाकायची. वास असा असतो की नवखा माणूस बाहेर जाऊन उभा राहतो. सगळ्या निघाल्या असं वाटलं की सलाइनने धुवायचं, बीटाडिन लावायचं, पोकळीत गॉज भरायचा. दुसऱ्या दिवशी गॉज काढला की खोल दडलेल्या आणखी काही निघतात. हे रोज, जखम लाल आणि कोरडी दिसेपर्यंत. एका कुत्र्याला एका वेळी किती गॉज लागतो हे एकदा डोळ्यांनी पाहा, मग पुढच्या वेळी काय आणायचं ते विचारावं लागणार नाही.

गळ्यात घालायच्या प्लास्टिकच्या कॉलरही याच कारणासाठी लागतात. कॉलर नसली की कुत्रं पायावरचं ड्रेसिंग रात्रीत चावून काढतं आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. मोठ्या आकाराच्या कायम कमी पडतात.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या जखमेत पेट्रोल, फिनेल किंवा डांबरगोळीची पूड टाकू नका. अळ्या मरतात, पण कुत्र्याची कातडी भाजते आणि विष अंगात भिनतं. अशी जनावरं शेल्टरला येतात तेव्हा दोन आजारांवर उपचार करावे लागतात.

औषधं देताना

आता माझ्या धंद्यातलं बोलते. घरात उरलेल्या गोळ्या द्यायच्या असतील तर पट्टीवर बॅच नंबर आणि एक्स्पायरी दिसली पाहिजे. कापलेल्या पट्टीचा मधला तुकडा काही उपयोगाचा नाही. उघडलेलं सिरप, डोळ्यांचे उघडलेले ड्रॉप देऊ नका. आणि स्वतःच्या मनाने कुठल्याही कुत्र्याला माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं.

नवीन विकत घ्यायचं असेल तर आरएलच्या (रिंगर लॅक्टेट, शिरेतून द्यायचं सलाइनसारखं द्रावण) बाटल्या, सलाइनचे सेट, दोन आणि पाच एमएलच्या सिरिंज, चिकटपट्टी, ग्लोव्हज. इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवायची सुई, घेताना नंबर विचारून घ्या. पिल्लांच्या बारीक शिरेला पिवळी, म्हणजे २४ नंबरची लागते, मोठ्या कुत्र्याला निळी, २२ नंबरची किंवा गुलाबी, २० नंबरची. पार्वो हा विषाणूचा आजार झालेलं पिल्लू उलट्या-जुलाबांनी कोरडं पडत जातं. त्याला वाचवते ती प्रामुख्याने शिरेतून दिलेली सलाइन. अशा वेळी कपाटात नुसत्या निळ्या सुया असल्या की डॉक्टर हतबल होतात.

लस मात्र दुकानातून घेऊन पिशवीत घालून नेऊ नका. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून गेलेल्या लसीवर कुणी भरवसा ठेवू नये. लसीचं बिल तुम्ही भरा, आणायचं काम शेल्टरला करू द्या.

एक उपचार असा आहे की जो एकट्या माणसाने पूर्ण अंगावर घ्यावा असं मला मनापासून वाटतं. भटक्या कुत्र्यांना लैंगिक संसर्गातून गाठीचा कर्करोग होतो, त्याला टीव्हीटी म्हणतात. भयानक दिसतो, रक्त गळत असतं, लोक हाकलतात. पण व्हिन्क्रिस्टिनची इंजेक्शनं दर आठवड्याला एक अशी साधारण चार ते सहा दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. अडचण एवढीच की पिंजरा महिनाभर अडतो, आणि एखादं इंजेक्शन वेळेवर आलं नाही तर तो मुक्काम लांबतो. एका कुत्र्याच्या सगळ्या इंजेक्शनांचे पैसे पहिल्याच दिवशी जमा करा. वाढदिवसाला, आई-वडिलांच्या स्मरणार्थ करण्यासारखं हे काम आहे.

पैसे

महिन्याला तीनशे देणारा माणूस वर्षातून एकदा पाच हजार देणाऱ्यापेक्षा मला मोलाचा वाटतो. शेल्टरचा मोठा खर्च जागेचं भाडं, गाडीचं डिझेल आणि पगार हा असतो. देणगीदारांना औषधाला पैसे द्यायला आवडतात, पगाराला आवडत नाहीत. पण पहाटे पिंजरे धुणाऱ्या मावशींचा पगार थकला आणि त्या गेल्या, तर चार दिवसांत सगळ्या शेडमध्ये संसर्ग पसरेल. "हे पैसे पगारासाठी" असं लिहून द्या.

पावती घ्या. देणगीवरची आयकराची (८०जीची) सवलत हवी असेल तर संस्थेकडे ती नोंदणी आहे का विचारा. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेल्या रकमेवर सवलत मिळत नाही, आणि तुम्ही नवीन करप्रणाली निवडली असेल तर मुळीच मिळत नाही. कंपनीत वजन असेल तर सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी ठेवलेल्या पैशांचा विषय काढा, प्राणिकल्याण त्यात बसतं. एखाद्या संस्थेबद्दल मनात शंका असेल तर पैसे देण्याऐवजी एक्स-रेचं, रक्ततपासणीचं किंवा मेडिकलचं बिल परस्पर भरा. यात कुणाचा अपमान नाही. आमच्या शेल्टरची उधारी माझ्याच वहीत असते आणि लोक येऊन ती कमी करून जातात.

परदेशातल्या मुलाबाळांसाठी थोडं वेगळं आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवले तर चालतं. पासपोर्ट परदेशी असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असलं तरीही, ते परदेशी देणगीत मोडतं आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतं. नसेल तर आग्रह करू नका, संस्था अडचणीत येते.

प्रत्यक्ष हात लावायचा असेल तर

रविवार म्हणजे रविवार, असा एक वार ठरवा. कुत्र्यांनाही माणूस सवयीचा लागतो. जाण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या: पहिला दिवस, सातवा आणि मग एकविसावा किंवा अठ्ठाविसावा. चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. तिखट, चुना, हळद काही लावू नका. लगेच दवाखान्यात जा. आधी पूर्ण लस झालेली असेल तरी दोन इंजेक्शनं घ्यावीच लागतात.

घरी स्वतःचं पिल्लू असेल तर शेल्टरची चप्पल आणि कपडे वेगळे ठेवा. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनेलने तो मरत नाही, सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण लागतं, तेही आधी घाण काढून मग.

कुत्र्यांची भीती वाटते, तरी मदत होते. वेल्डिंग येणाऱ्याने पिंजऱ्याची कडी दुरुस्त करावी, इलेक्ट्रिशियनने पंखा. हिशेब येणाऱ्याने वह्या लिहाव्यात. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल हाताशी आहे. आमच्याकडे अवघड हाड जोडायचं असलं की शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जावं लागतं. अशा वेळी मोटार आणि दिवस दोन्ही देणारा माणूस सोन्यासारखा.

कुत्रं नेणं आणि परत आणणं

मदतीचा हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. जखमी कुत्र्याला चादरीवर किंवा फळीवर घेऊन न्या, मागचे पाय धरून उचलू नका, मणका मोडलेला असू शकतो. उलटी करणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधू नका. लाळ गळतेय, चाल बिघडलीय, उगाच अंगावर येतंय असं कुत्रं असेल तर हातही लावू नका, शेल्टरला आणि नगरपालिकेला कळवा.

दाखल करताना खरा फोन नंबर द्या आणि उचला. गल्ली, जवळची खूण, कुत्र्याचा फोटो लिहून द्या. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. यात आता एक अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशानुसार शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातून उचललेली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत. ती शेल्टरकडेच राहतात, म्हणजे पिंजऱ्यांची ओढाताण वाढली. एखादं शांत कुत्रं घरी दत्तक घेता येत असेल, किंवा बरं होईपर्यंत अंगणात ठेवता येत असेल, तर आत्ता त्याची फार गरज आहे.

परत सोडायच्या आधी दोन दिवस शेजाऱ्यांशी बोला. कानाला खाच म्हणजे नसबंदी झालेली, हे दाखवून द्या. रेबीजची लस टोचल्याचा कागद मोबाइलमध्ये ठेवा, भांडण निम्मं तिथेच मिटतं. खायला घालायची जागा एकच ठरवा, सोसायटीच्या दारापासून आणि मुलांच्या खेळण्यापासून लांब. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशातही ठरलेल्या जागीच खाऊ घाला असं सांगितलंय. सोडायला सकाळी न्या, म्हणजे गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांशी ओळख लागताना दिवसभर कुणाचं तरी लक्ष राहतं. पहिला आठवडा जखमेचा फोटो रोज शेल्टरला पाठवा.

मग वर्षभराने रेबीजच्या बूस्टरची तारीख येईल. गोव्यात कुत्र्यांचं असं सामूहिक लसीकरण वर्षानुवर्षं नेमाने झालं आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. आपण आपल्या गल्लीपुरतं करू शकतो. त्या तारखेला एकाच फेरीत सगळ्या कुत्र्यांना टोचून घ्या. शेल्टरला आठ दिवस आधी आकडा कळवा, म्हणजे लसीच्या तेवढ्याच कुप्या बर्फाच्या पेटीतून आणता येतात.