आखातात नोकरीला जाताय? आधी पासपोर्टवरचा शिक्का बघा

गोव्यात दुबई, मस्कत किंवा कुवेतची ऑफर हाती आली की लोक आधी एजंटाच्या ॲडव्हान्सची जुळवाजुळव करतात. त्याआधी पासपोर्ट उघडा आणि पुढची पाने, शेवटचे पान नीट बघा. 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' म्हणजे ईसीआर असे कुठे आढळले, तर आखातासह 18 देशांत कामाला जाण्यासाठी भारत सरकारची मंजुरी लागते. तसे काही नसेल तर बहुतेकांना ती लागत नाही. नर्सना मात्र शिक्का नसला तरी लागते.

दहावी पास माणसाच्या पासपोर्टवरही हा शिक्का दिसतो, कारण अर्जाबरोबर प्रमाणपत्र जोडलेले नसते. तो काढून घेता येतो. पासपोर्ट रि-इश्यूचा अर्ज भरून त्यात ईसीआर काढायचे आहे असे नमूद करा. 36 पानांच्या पासपोर्टला 1500 रुपये, तत्काळ हवा असेल तर वर 2000. अपॉइंटमेंटला गोवा बोर्डाचे मूळ प्रमाणपत्र न्या, नुसत्या झेरॉक्सवर भागत नाही. दहावी नापास असाल तर बहुधा मंजुरीचाच रस्ता धरावा लागतो. 30 वर्षांखालील ईसीआर महिलेला या देशांत कामासाठी ती मिळत नाही. 'मॅनेज करतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

आता एजंट. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याच्या फर्मचे नाव किंवा लायसन्स नंबर घालून शोधा. लायसन्स चालू आहे की मुदत संपलीय, की निलंबित आहे, तेही तिथेच कळते. पत्ता जुळवून बघा. मडगाव-म्हापशात टेबल मांडून बसलेला 'मुंबई ऑफिसचा माणूस' बहुधा सब-एजंट असतो, आणि कायद्यात सब-एजंटाला जागा नाही. एजंटाला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, म्हणजे 35,400. पैसे बँकेतूनच द्या आणि पावती घ्या. पावती द्यायला कुरकुर करतो तो पुढे फोनही उचलणार नाही.

सगळ्यात जास्त माणसे अडकतात ती व्हिजिट व्हिसावर. 'आधी फिरायला म्हणून जा, तिकडे व्हिसा बदलून देतो' असे सांगून पाठवतात. ईसीआर पासपोर्टवाल्याला फिरायला जायला मंजुरी लागत नाही, त्याच फटीतून हे चालते. मोपा किंवा दाबोळीच्या इमिग्रेशन काउंटरवर संशय आला तर तिथूनच परत पाठवतात. आणि सुटलात तरी तिकडे व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा, मग पगार बुडाला तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? व्हिसा नोकरीचाच हवा. कॉन्ट्रॅक्टवर पद, मूळ पगार, राहणे-जेवण आणि परतीचे तिकीट लिहिलेले असू द्या. ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय विमा योजना बंधनकारक आहे: दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाखांचे कवच मिळते.

घरच्यांना तिकडे न्यायचे असेल तर लग्नाचा कागद आधी तपासा. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारसमोर दोन वेळा सही करावी लागते. पहिली सही करून, देवळात लग्न लावून, दुसरी राहून गेलेली जोडपी थोडी नाहीत. दुसऱ्या सहीशिवाय नोंदणी पुरी होत नाही आणि फोटो-पत्रिका दाखवून व्हिसा मिळत नाही. यूएईत कुटुंब न्यायला पगार किमान 4000 दिरहम, किंवा 3000 आणि राहायला जागा, असा हवा.

लग्नाच्या दाखल्याला आधी राज्य सरकारचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे. ओमान, बहरीन आणि सौदीला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का, चालतो. यूएई, कतार आणि कुवेतसाठी पुढे त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत द्यावा लागतो.

नावाचे स्पेलिंग मात्र साक्षांकनाआधीच जुळवा. जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाचे 'नाईक', शेवटी क्यू-यू-ई, आणि पासपोर्टवर साधा के, असे असले की फाइल परत येते. लग्नानंतर बदललेल्या नावाचेही तेच. किरकोळ फरक असेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र कधी चालते, कधी नाही. नाव खरेच बदलायचे असेल तर गोव्याच्या 1990 च्या नाव व आडनाव बदल कायद्याने जा. वेळ लागतो, म्हणून व्हिसाची वाट न बघता सुरू करा.

तारवटींचे, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या खलाशांचे, गणित वेगळे. सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) असेल तर ईसीआर लागू नाही. भरतीसाठी दलालाने खलाशाकडून एक पैसाही घ्यायचा नसतो, फक्त आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचे सरकारी लायसन्स, असलेल्याकडेच जा.

निघताना पासपोर्ट, व्हिसा, कॉन्ट्रॅक्ट आणि पावतीचे फोटो घरी ठेवून जा. तिकडे अडचण आली तर घरचे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर किंवा 1800-11-3090 या टोल-फ्री नंबरवर तक्रार करू शकतात, आणि तेव्हा पहिल्यांदा विचारतात तो पासपोर्ट नंबरच.