क्रिएटिनिन नॉर्मल, मग किडनी ठणठणीत? या चुका टाळा

पहिली चूक रिपोर्ट वाचण्यातली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, १.१ दिसलं की फाईल कपाटात जाते. पण एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात, आणि त्यातले बरेच गेले तरी उरलेले त्यांचं काम अंगावर घेतात. त्यामुळे जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही. मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) दोन्ही तपासा. लघवीची तपासणी हमखास टाळली जाते. बिघाड मात्र बहुधा तिथेच आधी दिसतो.

हे जादा काम हार्मोन करवून घेतात. किडनीच्या रेनिनमुळे तयार होणारं अँजिओटेन्सिन नेफ्रॉनच्या गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी आवळतं, आत दाब चढतो, गाळणं चालू राहतं. पुढे हाच दाब उरलेल्या नेफ्रॉनच्या मुळावर येतो. रामिप्रिल, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या हा दाब उतरवतात, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. 'गोळीनंच किडनी खराब केली' म्हणत ती परस्पर बंद करणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहा, मग डॉक्टरांशी बोला.

गोळी चालूच ठेवायची, याला अपवाद नागपूरच्या मे महिन्यातला. पारा ४५ वर, त्यात जुलाब-उलट्या, आणि अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी! अंगातलं पाणी कमी झालं की प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलंच रसायन गाळणीत येणारी वाहिनी उघडी ठेवतं. वेदनाशामक नेमकं तेच अडवतं. अशा दिवशी बीपीची गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारा.

हिमोग्लोबिन उतरलं की महिनोन्‌महिने नुसतं टॉनिक पिऊ नका. किडनीचं एरिथ्रोपोएटिन (लाल रक्तपेशी तयार करवणारं हार्मोन) कमी पडत असेल तर टॉनिकनं भागत नाही. फॉस्फरस नॉर्मल म्हणून हाडं शाबूत, हेही खरं नाही: फॉस्फरस लघवीवाटे बाहेर काढायला लावणारं एफजीएफ-२३ आणि हाडांतून कॅल्शियम ओढणारं पॅराथायरॉइड, ही हार्मोन वाढवूनच तो ताब्यात ठेवलेला असू शकतो.

बीपीसाठी 'लो सोडियम' मीठ आणता? त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. पोटॅशियम बाहेर टाकायला अल्डोस्टेरॉन हे हार्मोन लागतं, आणि रामिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या तेच कमी करतात. हे मीठ मनानं सुरू करू नका. संत्री मात्र सरसकट सोडायची गरज नाही. पोटॅशियमचा रिपोर्ट ठीक असेल तर नागपूरजवळच्या काटोलच्या संत्र्याच्या दोन फोडी जास्त खाल्ल्या म्हणून बिघडत नाही.