एक कार्ड, दोन खाती : विमान कंपनीच्या को-ब्रँडेड क्रेडिट कार्डाचा ऑनलाइन कारभार

विमान कंपनीचे नाव छापलेले क्रेडिट कार्ड हातात आले की ते त्या कंपनीचेच आहे, अशी अनेकांची समजूत होते आणि पुढचे बरेचसे घोटाळे या समजुतीतूनच सुरू होतात. कार्ड बँकेचे असते. उधारी बँक देते, बिल बँक काढते, व्याज आणि दंडही बँकच लावते. विमान कंपनीकडे आपले दुसरे, वेगळे खाते असते आणि त्यात केवळ माइल किंवा पॉइंट, म्हणजे पुढे तिकिटासाठी वापरता येणारे बक्षिसाचे गुण, जमा होतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार को-ब्रँड भागीदाराला, म्हणजे कार्डावर बँकेच्या जोडीने नाव छापलेल्या कंपनीला, कार्डावरील व्यवहारांची माहिती मिळू शकत नाही. त्यामुळे बिलाची चौकशी विमान कंपनीकडे करणे व्यर्थ असते. पैशाचे काम बँकेच्या ॲपमध्ये आणि तिकिटाचे व माइलचे काम विमान कंपनीच्या ॲपमध्ये, एवढी विभागणी पहिल्याच दिवशी मनात पक्की करून ठेवावी.

मराठवाड्यात हे कार्ड आता केवळ मोठ्या व्यापाऱ्यांपुरते राहिलेले नाही. मुले बंगळूरला, हैदराबादला किंवा दिल्लीला नोकरीस असतात, आणि आई-वडील चिकलठाण्याहून, नांदेडहून किंवा रात्रीच्या गाडीने हैदराबाद गाठून तिथून विमान धरतात. कार्ड वडिलांच्या नावे, मोबाइल क्रमांक मात्र मुलाचा, अशी व्यवस्था मी परभणीत आणि लातुरात कितीतरी घरांत पाहिली आहे. दुकानातून वडील फोन करतात, "ओटीपी आला का रे? सांग बरं," आणि मुलगा पुण्यातून सहा आकडे वाचून दाखवतो. यात गैरसोय तर आहेच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी, की फोनवर ओटीपी सांगण्याची घराला सवय लागते; मग उद्या एखादा भामटा बँकेचा अधिकारी म्हणून तेच सहा आकडे मागतो, तेव्हा ते मागणे कोणालाच वावगे वाटत नाही. म्हणून ज्याच्या नावे कार्ड, त्याच्याच खिशातील क्रमांक बँकेत नोंदवावा, मगच पुढच्या कामाला हात घालावा.

नोंदणीसाठी बँकेचे ॲप मोबाइलच्या अधिकृत ॲप-स्टोअरमधूनच घ्यावे. संकेतस्थळ वापरायचे असल्यास पत्ता स्वतः टंकावा. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' अशा शेवटाचा पत्ता ठरवून दिला आहे. कार्ड देणारी संस्था बँक नसून कार्ड कंपनी असेल, तर कार्डाच्या मागे छापलेला पत्ता आणि क्रमांक प्रमाण मानावा. शोधयंत्रात 'कस्टमर केअर' शोधून पहिला दिसेल तो क्रमांक लावणे टाळावे, कारण भामटे तिथेच आपला क्रमांक पेरून ठेवतात. कार्ड जारी झाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत ते सुरू केले नाही, तर बँकेला आपली ओटीपीद्वारे संमती घ्यावी लागते, आणि संमती दिली नाही तर कोणताही खर्च न लावता खाते बंद करावे लागते.

नवे कार्ड सुरुवातीला देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्र एवढ्यापुरतेच चालू असते. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार आणि यंत्राला नुसते टेकवून पैसे देण्याची सोय आपण स्वतः चालू करायची असते, आणि प्रत्येकाची मर्यादाही स्वतः ठरवता येते. तिकीट ऑनलाइनच काढायचे असल्याने ऑनलाइन व्यवहार चालू करावा. परदेशी व्यवहार मात्र प्रवासाला निघेपर्यंत बंदच राहू द्यावा.

आता नावाचा मुद्दा, जो आपल्याकडे विशेष अडतो. आपली नावे तीन पदरी असतात : स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव; शाळेच्या दाखल्यावर तर आडनाव आधी. माझ्या बाबतीत पॅन कार्डावर तिन्ही नावे होती, बँकेने कार्डावर नाव आणि आडनाव एवढेच छापले होते, आणि विमान कंपनीच्या सदस्य-खात्यात मी पहिल्या रकान्यात माझे व वडिलांचे नाव सलग लिहून ठेवले होते. बँकेच्या स्टेटमेंटवर माइल पाठवल्याची नोंद दिसायची, पण विमान कंपनीच्या खात्यात चार महिने काहीच जमा झाले नाही. शेवटी ओळखपत्राची प्रत पाठवून सदस्य-खात्यातील नाव दुरुस्त करून घेतले, तेव्हा अडकलेले माइल आले. खाती जोडण्यापूर्वी बँक, सदस्य-खाते आणि ज्या ओळखपत्रावर प्रवास करणार ते, या तिन्ही ठिकाणची नावे समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत.

सदस्य-खात्यातील ई-मेलही चालू असावा. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराच्या सदस्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या कार्यक्रमात, म्हणजे आताच्या महाराजा क्लबात, वर्ग झाले. अशा बदलाच्या सूचना ई-मेलनेच येतात.

बिलाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण माइलची सगळी कमाई इथे एका चुकीत जाऊ शकते. ॲपमध्ये 'एकूण देय रक्कम' आणि 'किमान देय रक्कम' असे दोन आकडे शेजारी दिसतात, आणि लहान आकड्याकडे बोट आपोआप वळते. समजा बिल ४०,००० रुपयांचे आहे आणि किमान रक्कम म्हणून आपण २,००० भरले. उरलेल्या ३८,००० वर महिन्याला साडेतीन टक्के दराने सुमारे १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दरमहा जवळजवळ १,५७० रुपये जातात. शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी मुदत संपते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. एवढ्या पैशात कोणतेही माइल परवडत नाहीत. म्हणून ऑटोपे, म्हणजे बिल बँक खात्यातून आपोआप भरण्याची सोय, लावताना 'एकूण रक्कम' हाच पर्याय निवडावा. देय तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत विलंबशुल्क लावता येत नाही, पण त्या सवलतीवर विसंबून राहू नये.

एक सोय फार थोड्यांना ठाऊक असते. बिलाचे चक्र निदान एकदा बदलून घेण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला दिलेला आहे. पगार एक तारखेला होत असेल, तर देय तारीख पाच ते दहाच्या दरम्यान येईल असे चक्र मागावे. आडतीवर किंवा कृषी सेवा केंद्रावर ज्यांची रक्कम सोयाबीन-कापूस विकल्यावरच हाती येते, त्यांना मात्र चक्र बदलून पुरत नाही. त्यांनी कार्डाची मर्यादाच ॲपमधून कमी करून घ्यावी, म्हणजे हंगामाआधी हात सैल सुटणार नाही.

माइल बहुधा बिल तयार झाल्यानंतर जमा होतात. तिकीट रद्द केले, तर त्या खरेदीवरचे माइल परत घेतले जातात. माइलवर तिकीट काढतानाही कर आणि शुल्क वेगळे भरावे लागते, म्हणून पैशाचे तिकीट किती आणि माइलचे किती, हे त्याच दिवशी शेजारी लावून पाहावे.

आपण न केलेल्या व्यवहाराचा संदेश आला, तर आधी ॲपमधून कार्ड लॉक करावे, मग बँकेला कळवावे, आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० वर फोन करावा. चूक आपली नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर भार येत नाही. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते.

कार्ड बंद करायचे ठरले, तर बाकी शून्य करावी, कार्डातून आपोआप भरली जाणारी इतर बिले दुसरीकडे न्यावीत आणि बँकेकडे पॉइंट साठलेले असतील तर ते आधी विमान कंपनीच्या खात्यात वळवून घ्यावेत. त्यानंतर केलेल्या अर्जावर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद केले पाहिजे. बाकी नसताना उशीर झाला, तर दर दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात. सदस्य-खाते मात्र या अर्जाने बंद होत नाही, आणि त्यात पोहोचलेले माइल त्यांच्या मुदतीपर्यंत वापरता येतात.