उभी राहणारी जुनी स्पोर्ट्स कार कशी सांभाळायची

गाडी २० वर्षांची आणि मीटरवर जेमतेम २५ हजार किलोमीटर, असं कोण म्हणालं की समोरचा लगेच म्हणतो, मग नवीच की ओ. तसं नसतंय. चालून झीज होते तशी उभं राहूनपण होते, फक्त ती मीटरवर दिसत नाही. मॅन्युअलमध्ये जिथं जिथं 'इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं' लिहिलंय तिथं किलोमीटर विसरा आणि फक्त वर्षं धरा. ऑडी टीटी असूदे, मर्सिडीज एसएलके असूदे नाहीतर गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म, हिशोब हाच.

सगळ्यात आधी एक सवय बंद करा. दर रविवारी गाडी सुरू करायची, पार्किंगमध्येच पाच मिनिटं इंजिन चालवायचं आणि बंद करायचं. ह्यानं गाडीचं भलं होत नाही, उलट वाटोळं होतंय. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, आणि इंजिन नीट तापलंच नाही तर ते पाणी सायलेन्सरमध्ये साचतं, थोडं ऑइलमध्ये उतरतं, मग ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढरट साय धरते आणि सायलेन्सर आतनं गंजतो. वर सेल्फ मारताना बॅटरीतनं जेवढा करंट गेला तेवढा पाच मिनिटांत परत भरत नाही ते वेगळंच. सुरू करायची तर अर्धा तास तरी चालवायची, नाहीतर हात लावू नका. टेम्परेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ऑइल बरंच मागनं तापतं, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं ३००० आरपीएमच्या आत राहा, मग खुशाल ताणा. ऑइल आणि फिल्टर वर्षातनं एकदा, गाडी ५०० किलोमीटर फिरली असली तरी.

आता पेट्रोल. आपला कोल्हापूर जिल्हा ऊसाचा, इथल्या कारखान्यांतलंच इथेनॉल पेट्रोलमध्ये जातंय आणि पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. रोजच्या गाडीला टाकी आठवड्यात संपते, पण उभ्या गाडीत तेच पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं, पंप ओढतो तो तळातनंच. म्हणून जूनच्या आधी टाकी फुल्ल करून ठेवा, फ्युएल स्टॅबिलायझर टाकून थोडं चालवा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. २०-२५ वर्षांपूर्वीचे होजपाइप आणि सील २० टक्के इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून केलेले नव्हते, तेव्हा बॉनेटखालचे आणि टाकीजवळचे पेट्रोलचे पाइप दाबून बघा, कडक लागले किंवा बारीक भेगा दिसल्या तर बदला, आणि बदलताना फ्युएल इंजेक्शनचाच इथेनॉल चालणारा पाइप घ्या. मोटरसायकलचा पाइप तिथं प्रेशर धरत नाही, आणि गरम इंजिनवर पेट्रोल सांडणं म्हणजे सरळ आग.

बॅटरीचं गणित सोपं आहे. गाडी बंद असतानापण अलार्म, इमोबिलायझर (चोराला गाडी सुरू करू न देणारी यंत्रणा), घड्याळ मिळून ५० मिलीअँपपर्यंत करंट खातात आणि तेवढं नॉर्मल धरतात. दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिन्याला ३६. बॅटरी ६० अँपिअर-अवरची असली तर महिन्यात निम्म्याच्या वर रिकामी. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली बराच काळ राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती परत पूर्वीसारखी होत नाही. पार्किंगमध्ये प्लग असेल तर ऑटोमॅटिक बॅटरी मेंटेनर लावून ठेवा, बॅटरी एजीएम (ॲसिड काचेच्या जाळीत शोषून ठेवलेली बंद बॅटरी) असेल तर चार्जरला तो मोड आहे का बघून घ्या. प्लग नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढा, पण आधी टेपचा कोड शोधून ठेवा (बॅटरी काढली की काही टेप तो परत मागतात) आणि बॅटरी डिकीत असून डिकी बटणावर उघडणारी असेल तर किल्लीनं उघडते का ते आधी बघा.

टायरला नक्षी भरपूर असते म्हणून लोक फसतात. साइडवॉलवर डॉट मार्किंगच्या शेवटी चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा २३वा आठवडा. सहा वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासायचे, दहा झाली की नक्षी कितीपण असो, काढायचेच. ह्यात पैसे वाचवू नका, जुनं कडक रबर ओल्या रस्त्यावर पकडत नाही आणि ही गाडी ताकदीची आहे. गाडी लावून ठेवताना हवा ४-५ पीएसआय जास्त भरा म्हणजे एका जागी टायर चपटा होणार नाही, आणि बाहेर काढायच्या आधी परत नेहमीची करा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात पॅड डिस्कला चिकटतात, गिअरमध्ये टाकून चाकाखाली लाकडी ठोकळा लावा.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. तेपण ओल ओढतं. डॉट ४ ताजं असताना कमीत कमी २३० अंशाला उकळतं, ओल धरल्यावर हाच आकडा १५५ वर येतो. गावात फिरताना काही कळत नाही, पन्हाळ्याचा घाट उतरताना पेडल एकदम आत जातं तेव्हा कळतं. टायमिंग बेल्टवाली गाडी असेल तर बेल्टपण वर्षांवर बदलायचा, वॉटर पंप आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) सोबतच. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं, त्या खर्चापुढं बेल्टचा खर्च काहीच नाही. सस्पेन्शनचे बूश (सांध्यातले रबर) तडकतात, ते नाहीच मिळाले तर स्लीव्ह, स्पेसर असलं काम उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या भागात, लेथवर लय चांगलं होतं, ह्याबाबतीत आपण कोल्हापूरवाले नशीबवान. पण ब्रेकचं आणि स्टिअरिंगचं काहीही टर्न करून बसवू नका, तिथं ओरिजिनलच.

गाडी चालवायला काढाल तेव्हा एसी लावा, पंधरा दिवसांतनं दहा मिनिटं तरी, नाहीतर कॉम्प्रेसरचं सील सुकतं आणि गॅस जातो. छत उघडणारी गाडी असेल तर पाणी जायची भोकं नायलॉनच्या दोरीनं साफ करा, ती तुंबली की पाणी सीटखाली जातं आणि काही गाड्यांत कंट्रोल युनिट तिथंच असतं. कव्हर कापडी, हवा जाणारं. प्लॅस्टिकचा कागद टाकला की आत घाम धरतो. ऊसतोड झाली की रानातले उंदीर घरांकडं वळतात आणि त्यांना वायरिंगसारखं दुसरं काही आवडत नाही, म्हणून एअर इनटेक आणि सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी लावा, आणि जाळी लावलीय हे स्टिअरिंगला चिठ्ठी बांधून लिहून ठेवा.

नागाळा पार्क, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या आसपास बेसमेंटमध्ये गाडी असेल तर हे मनावर घ्याच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काय झालं सगळ्यांनी बघितलंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ म्हणजे धोका, पण तुमच्या गाडीची बॅटरी सुटलेली, चाकाखाली ठोकळे, ती काढायलाच वेळ जाणार, म्हणून ३९ व्हायच्या आतच ती उंचावरच्या मित्राकडं गेलेली पाहिजे. चुकून पाणी शिरलंच तर सेल्फ अजिबात मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या.

चालवायला सकाळी लवकर निघा, कागलच्या बाजूला हायवेनं किंवा वाघबीळवरनं पन्हाळ्याला, जाऊन-येऊन सगळं नीट तापतं. निघताना पहिले दोन-चार ब्रेक हळू मारा, डिस्कवरचा गंज घासून जाऊदे. ऊसाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर चिखल आणि ऊस पडलेला असतो, खाली बसकी गाडी आहे, अंतर ठेवा. घरी आल्यावर दहा मिनिटांनी खाली वाकून बघा, कुठं थेंब पडतोय का.

कागदपत्रांचं एवढंच, १५ वर्षं झाली की आरसी रिन्यू करावी लागते आणि मग दर पाच वर्षांनी, पर्यावरण कर वेगळा. विमा घेताना पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, तेव्हा एजंटनं टाकलेला आकडा तसाच मान्य करू नका, गाडीचे फोटो आणि सर्व्हिसची बिलं समोर ठेवा, आणि इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर पैसे देणारं जादा कव्हर) एवढ्या जुन्या गाडीला मिळत असेल तर घ्याच.